ज्याची थाळी त्यानं धुवावी

गयामायचं नाव आधी घेतो. वडिलांनी शिकायला पाठवलं, शाळेतल्या मास्तरांनी अर्ज लिहून दिला, सरकारनं शिष्यवृत्ती दिली. ह्या सगळ्यांचा मी ऋणी आहे आणि राहीन. पण नागपुरात कॉलेजात असताना मी जेवलो ते गयामायच्या हातचं, आणि मान खाली घालून जेवायचं की वर करून, हेही तिनंच ठरवलं. इतवारीतल्या एका बोळात तिची खानावळ होती. जातीनं कोष्टी. नवरा मागावर बसता बसताच गेला, मूलबाळ नाही. आम्ही पोरं तिला गयामाय म्हणायचो आणि ती आम्हा सगळ्यांना बापू म्हणायची.

चैत लागला की तिची आठवण येते. भिलाईत चैत मोहाच्या वासानं येतो. शेजारच्या सुपेला गावाच्या पलीकडे अजून मोहाची झाडं उभी आहेत. सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बाया टोपल्या घेऊन वेचत असतात आणि तो गोड, आंबूस वास वाऱ्यावर आमच्या क्वार्टरांपर्यंत येतो. इकडून कोक भट्ट्यांचा डांबरी वास निघालेला असतो. दोन्ही वास अंगणात भेटतात. कारखान्याच्या प्रयोगशाळेत कोळसा तपासण्याचं माझं काम, त्यामुळे नाकाला थोडी सवय आहे. तरी ह्या मिश्रणाला काय म्हणावं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. तिन्हीसांजेला भट्टीतून लोखंड सोडतात तेव्हा आभाळ त्या बाजूनं तांबडं होतं. माझी बायको शकुन दोरीवरचे कपडे काढता काढता वर पाहते आणि म्हणते, "पेटली वं कोन्या तरी मायची चूल." हे वाक्य मूळचं शकुनचं नाही. ते आमच्या घरात गयामायनं आणून ठेवलं, ह्याच अंगणात खाटेवर बसून.

कसं आणलं ते सांगायला मला त्या एका चैताकडे जावं लागतं. तेव्हा दुसऱ्या भट्टीचं काम चालू होतं. दिवसभर तांबडी धूळ. भाकरीत धूळ, पाण्याच्या माठावर धूळ, शकुनच्या पोळपाटावर धूळ. क्रेनची मान कुठूनही दिसायची. मजुरांच्या तट्ट्यांच्या वस्तीतून चार-पाच भाषांतल्या शिव्या एकदम ऐकू यायच्या. सुपेल्याच्या बाजारात कारखान्यावर आलेल्या रशियन इंजिनियरांच्या बाया बोट दाखवून वांगी मागायच्या आणि भाजीवाली छत्तीसगढी बाई त्यांना न विचारता वर दोन मिरच्या टाकायची. मला त्या सगळ्या गोंधळाचा अभिमान वाटायचा. माझ्या आज्यानं जन्मभर दुसऱ्यांची मेलेली गुरं ओढली, आणि मी पांढरा कोट घालून देशाचा कोळसा तपासत होतो. कोणी हसो, पण पगाराच्या पाकिटापेक्षा त्या कोटाला हात लावताना मला जास्त भरून यायचं.

अशा दिवसांत एका दुपारी टपालानं वसंताचं परिपत्रक आलं. वसंता माझा कॉलेजातला सोबती, आम्ही एकाच खानावळीत जेवायचो. आता नागपूरच्या एका सरकारी कचेरीत बरी जागा मिळवून बसला होता आणि कचेरीच्याच यंत्रावर त्यानं हे परिपत्रक छापलेलं दिसत होतं, कारण शाई पसरली होती तीही सरकारी जांभळी. आपल्या वर्गाचा मेळावा घ्यायचा आहे. कुठे, तर भिलाईला. कावून, तर "नव्या भारताचं दर्शन आणि जुन्या मैत्रीचं पुनर्मीलन" एकाच खर्चात होईल. खाली सगळ्या सोबत्यांची खुशाली दिली होती.

खुशाली वाचण्यासारखी होती. वर्गात ज्याचं नाव कोणत्याच प्राध्यापकाला पाठ नव्हतं, तो आता स्वतः प्राध्यापक. ज्यानं रसायनाच्या परीक्षेत नळी फोडून दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं, त्याला औषधांच्या कंपनीनं मोटरसायकल दिली. एकाच्या सासऱ्याचा गोंदियाला लाकडाचा मोठा व्यापार, म्हणून जावई "उद्योगपती". एकाला दुसरा मुलगा झाला, तेही यशाच्या यादीत. प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन ओळी. शेवटून दुसरी ओळ माझी: "आपला श्रावण भिलाईला असतो."

असतो. काय करतो ते नाही. जसं विहिरीजवळ लिंबाचं झाड असतं.

मी हसलो. शकुननं विचारलं, "काय आलं जी?"

"बारश्याचं आमंत्रण," मी म्हटलं. "मोठ्ठाल्या बाळांचं."

मेळाव्याची सगळी मदार भिलाईत राहणाऱ्या दोघांवर होती. एक मी, दुसरा मनोहर. मनोहर इंजिनियर होऊन कारखान्यात अधिकारी झाला होता आणि शिक्षणासाठी काही महिने रशियाला जाऊन आला होता. तिकडून त्यानं एक केसाळ टोपी आणली होती. भिलाईत ती टोपी घालण्याचा हंगाम वर्षातून चार दिवसांचा, म्हणून ती त्याच्या दिवाणखान्यात खुंटीवर टांगलेली असायची. पाहुण्याची नजर तिकडे गेली नाही की मनोहर बोलता बोलता उठायचा, टोपीवरची नसलेली धूळ झटकायचा आणि परत येऊन बसायचा.

पुढच्या रविवारी वसंता पाहणी करायला आला आणि आम्ही तिघं त्या टोपीखाली जमलो. बाहेर ऊन रटरटत होतं. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, त्याच्यावर कोणी तरी बाहेरून पाणी मारत होतं. त्या ओल्या वाळ्याच्या वासानं मी एकदम दुसऱ्याच चैतात गेलो.

नागपूरचा तो परीक्षेचा चैत. वसतिगृहाच्या पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. माझं जेवण झालं की गयामाय म्हणायची, "आता कुठी जातं उन्हाचा? बस इथंच." शेणानं सारवलेली गार जमीन, माठावर ओलं फडकं, मोरीपाशी राखेचं खापर. मी भिंतीला पाठ लावून वाचत बसायचो. ती तांदूळ निवडायची, आणि मी पान उलटलं की एकदा वर बघायची, जणू वाचलेलं पान म्हणजे जेवलेलं पान. परीक्षेच्या दिवसांत ती गोळाभात करायची, डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात. "भाकरीनं झोप येते, भातानं नाही," म्हणायची. खरं तर उलटं आहे. पण त्या गोळ्यांवरची फोडणी अशी असायची की शंका काढायला तोंड रिकामं राहत नसे.

तिच्याकडे जाण्याआधी मी बऱ्याच खानावळींचे उंबरे पाहिले होते. सगळीकडे पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की जागा भरलेल्या असायच्या. गयामायनं मला दारात पाहिलं आणि विचारलं, "तिखट चालते का रे, बापू?" मी हो म्हटलं. मग मीच आडनाव सांगितलं, उगीच फसवणूक नको म्हणून. ती म्हणाली, "आडनाव का भाजीत टाकाचं आहे? बस."

वसंता आणि मनोहर तिथे आधीपासून जेवत होते. ते काही वाईट बोलले नाहीत. वाईट बोलणारी मंडळी निराळी, त्यांच्याशी भांडता तरी येतं. हे सुधारलेले होते. माझ्या शेजारी बसले, वरण पुढे केलं. माझं जेवण झालं तसं मी घरच्या सवयीनं थाळी उचलून मोरीवर नेली, राखेनं घासली, पालथी घातली. बाकीच्यांच्या थाळ्या जागेवरच होत्या. त्या भांडेवाली घासायची. दोन-तीन दिवस असंच चाललं. मग वसंता हळूच गयामायला म्हणाला, "आमचं काही नाही हं माय. हा आपला मित्रच आहे. त्याची तो धुतो तेच बरं आहे. नाही तर भांडेवाली उगीच कटकट करायची." मी मोरीवर होतो. पाणी वाहत होतं तरी मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी गयामाय वाढायला उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भांडेवालीले मी नाही म्हनून देल्लं. न माह्याच्यानं होत नाही, कंबरेत दम नाही राह्यला माह्या. आजपासून ज्याची थाळी त्यानं धुवावी. पटत असन त्यानं जेवा."

तिची भाजी सोडून जाण्याची कोणाची छाती नव्हती. जेवण झाल्यावर आम्ही सगळे मोरीवर रांगेत. वसंताला राख कशी घ्यायची ते माहीत नव्हतं. त्यानं मूठभर घेतली आणि शर्ट काळा करून घेतला. मनोहर बोटांच्या टोकांनी थाळी धरून नाक मुरडत होता. त्या रांगेत मी कुठे होतो ते कोणाला शोधूनही सापडलं नसतं. त्याच दुपारी बोळाच्या तोंडाशी मला गयामाय दिसली. सार्वजनिक नळावरून येत होती. डोक्यावर एक भरली घागर, कंबरेवर दुसरी. ताठ चालत होती, आणि नळावरच्या कोण्या बाईशी मागे मान वळवून भांडतही होती.

मी तिला कधी काही विचारलं नाही. ती कधी काही बोलली नाही. कॉलेज संपेपर्यंत तिची कंबर मोरीपुरती दुखत राहिली.

"अरे श्रावण, कुठे हरवला?" वसंता म्हणाला. त्याच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता. सकाळी कारखाना, संध्याकाळी भट्टीचं लोखंड, मग चिमण्या मागे घेऊन सामुदायिक फोटो. "आता खरी गंमत ऐक. शेवटच्या दिवशी जेवण गयामायच्या हातचं! तिला नागपूरहून आणायचं. इथे मनोहरच्या अंगणात सगळे जमिनीवर, पाटसुद्धा नाही. वांग्याची भाजी, भाकर, गोळाभात. आणि जेवण झालं की..." तो उठला, कंबरेवर हात ठेवून वाकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ज्याची थाळी त्यानं धुवावी रे, बापू हो! पटत असन त्यानं जेवा!"

नक्कल हुबेहूब होती. मनोहर खोकला येईपर्यंत हसला. "आणि सगळे साहेबलोक टाय खांद्यावर टाकून मोरीवर!" तो म्हणाला. "फोटो काढायचा बरं का. मुलांना दाखवायला. म्हणावं, बघा, आम्ही असं शिकलो."

आतून त्याची बायको म्हणाली, "तुम्ही नुसतं पाणी फिरवा हो. नंतर आमची बाई घासेलच."

चहा आला. वसंताला कप, मनोहरला कप, मला काचेचा ग्लास. "कप कमी पडले हं, भावोजी," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मागे काचेच्या कपाटात कपांची रांग उभी होती, कानाला कान लावून.

मी ग्लास हातात घेऊन विचारलं, "गयामाय जेवणार कुठे?"

"म्हणजे?"

"आपल्या पंगतीत, की कसं?"

वसंता माझ्याकडे बघत राहिला, मी काही तरी परक्या भाषेत बोललो असल्यासारखा. "अरे, ती वाढेल ना. वाढणारी बाई पंगतीत कशी बसेल? नंतर जेवेल आत, निवांत."

"येण्याजाण्याचं तिकीट देऊ," मनोहर म्हणाला. "वर एक लुगडं. खूश होईल म्हातारी."

"पत्र मात्र तूच लिही," वसंता म्हणाला. "तुझ्यावर तिचा भारी जीव. तू लिहिलं तर नाही म्हणणार नाही."

मी आणखी एक प्रश्न विचारला. तो विचारायचा नाही असं ठरवलं होतं, पण विचारला. "वसंता, थाळ्या धुवायचा कायदा तिनं कावून काढला, आठवते तुला?"

"आठवत नाही कसं? कंजूष लेकाची! भांडेवालीचा पगार वाचवला." आणि मोठ्या प्रेमानं पुढे म्हणाला, "पण जीव लावायची हं."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. कुठे आडपडदा असेल, थोडी शरम असेल, म्हणून नीट पाहिलं. काही नव्हतं. तो स्वच्छ विसरला होता. इतका स्वच्छ की त्या डोळ्यांत मला फक्त वाळ्याचा पडदा दिसला. त्यानं ते बोलणं मनात दाबून ठेवलं असतं, तर मी त्याला माणूस म्हटलं असतं. लक्षात ठेवायचं काम त्यानं बिनपगारी माझ्यावर सोपवलं होतं आणि स्वतः नक्कल करायला मोकळा झाला होता.

सांगावं का ह्यांना? तोंडापर्यंत आलं होतं. पण मला पुढचं सगळं दिसलं. दोघं क्षणभर गंभीर झाले असते. वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि त्यानं खिशातून पेन काढून कार्यक्रमात एक बाब वाढवली असती: श्रावणचं मनोगत. मग भाषण, मग टाळ्या, मग गयामायला हार. आणि पुढच्या परिपत्रकात जांभळ्या शाईत, "आमच्या काळीही आम्ही जातपात मानत नव्हतो." म्हणून मी चहा संपवला. ग्लास टेबलावर ठेवला. पूर्वी मी तो उचलून मोरीवर नेला असता. मी तो तसाच ठेवला, खाली चहाची पत्ती आणि काठाला माझ्या ओठांचा डाग, आणि उठलो.

घरी आलो तेव्हा शकुन कैऱ्या किसत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग नाही म्हनून टाका. लिहूच नका पत्र."

"तेच ठरवलं."

तिनं दुसरी कैरी किसणीवर घेतली. मग ती म्हणाली, "पन मागं निरोप पाठवला होता ना मायनं, तुमच्या मामेभावाजवळ? 'तिकडं लोखंडाचं पानी होते म्हनते, ते मले एकडाव पाहाचं आहे' म्हनून. तिले वाटत असन ना, कधी बलावते हा पोरगा."

मी तिच्यासमोरची एक कैरी उचलून परत ठेवली.

"तुमचं कसं आहे जी," शकुन म्हणाली, "राग त्या दोघाईचा, न दार बंद करून राहिले तिच्या तोंडावर."

माझा सगळा तिरस्कार त्या वाक्यापाशी जरा अडखळला. त्या दोघांना तुच्छ लेखणं सोपं होतं. मला ते छान जमत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यात थोडी मजाही येत होती. पण पत्र लिहिलं तर गयामाय येणार ती मोलानं वाढायला आणि स्वतःचं हसं करून घ्यायला. न लिहिलं तर ती इतवारीतच बसून राहणार, लोखंडाचं पाणी न पाहता. आणि तिला न विचारता नाही म्हणायचं तर मी तरी काय केलं? तिच्या पंगतीचं वसंतानं ठरवलं, येण्याचं मी.

मेळावा झाला. त्याचा फोटो आज मनोहरच्या दिवाणखान्यात टोपीच्या शेजारी आहे. मागे चिमण्या, पुढे पोटं. कारखान्याच्या कामानं कधी गेलो तर तो मला उठून दाखवतो आणि दर वेळी म्हणतो, "तू हवा होतास यार." मी फोटो नीट पाहतो. सगळ्यांचे हात कोरडे आहेत. थाळ्यांचा कार्यक्रम काही झाला नाही म्हणे. जेवण सुपेल्याच्या हलवायाकडून आणलं होतं, पत्रावळींवर.

आज परत मोहाचा वास सुटला आहे. गावोगावच्या पोरांच्या परीक्षा चालू असतील. कुठे तरी कोणी गार जमिनीवर भिंतीला पाठ लावून पानं उलटत असेल. त्याच्याकडे बघणारं कोणी असेल तर बरं.

त्या रविवारी संध्याकाळी मी दोन पत्रं लिहिली. एक वसंताला, चार ओळींचं: माझ्याकडून काही होणार नाही, कारखाना पाहायच्या पासांचं तुम्ही पाहा, गयामायला तुमचा निरोप पोचवतो आहे. दुसरं तिला. तिला वाचता येत नव्हतं, पत्र ती ऐकणार होती. म्हणून कॉलेजात शिकलेलं मराठी बाजूला ठेवलं आणि तिच्याशी बोलतो तसं लिहिलं.

"गयामाय,

श्रावनचा नमस्कार. हे पत्र तुले शेजारच्या मास्तरीनबाई वाचून दाखवतीन. त्याईले सांगजो का हळू वाचा, न मधात थांबू नका.

वसंता न मनोहर इथं आपल्या वर्गातल्या पोराईचा मेळावा करून राहिले. तुले बलावते. खरं सांगतो, पाहुनी म्हनून नाही. सैपाकाले न वाढाले. तिकीट न लुगडं देतो म्हनते. त्याईच्या पंगतीत तुयं पान नाही, मी इचारून घेतलं. जेवन झाल्यावर सारे थाळ्या धुवाचं सोंग करतीन, तू रागवाचं, न त्याईनं हासाचं, असं ठरून राहिलं. तुले यावंसं वाटलं तं जरूर ये, मी आडवा नाही. निरोप जसाच्या तसा देल्ला. पन मी तिथं नसन.

आता माहं बलावनं आयक. तू त्याच्या आंधीच ये. शकुनचा भाऊ नागपुरातून इकडं येऊन राहिला, तो तुले संग घेऊन येईन. घर लहान आहे, पन अंगनातून भट्टीचा उजेड दिसते. लोखंडाचं पानी पाहाचं म्हने ना तू? जवळून पाहाचा पास भेटते का पाहतो. नाही भेटला तं अंगनात खाट टाकून पाहू.

सैपाक शकुन करन. तिची भाकर जाड होते, नाव ठेवू नको. आपन तिघं एका पंगतीत बसू.

एक गोष्ट तुले कधी बोललो नाही. तुया कंबरेत काहीच नोतं, माय. त्याच दुपारी मी तुले नळावरून दोन घागरी आनतानी पाह्यलं. तवापासून मान वर करून जेवलो.

तं इथं माया घरचा बी एक कायदा आहे. जेवून झालं का उठाचं, हात धुवाचा न खाटेवर बसाचं. थाळीले हात लावाचा नाही.

गाडीत गर्दी असते. येतानी कंबर जपजो.

तुया,
श्रावन"